मंगळावर जीव आहे काय? : एका पाठाची तयारी

इयत्ता सहावी-सातवीच्या वर्गात ग्रहमालेचा पाठ चालू असता एक प्रश्न हमखास येतो : "गुरुजी, मंगळावर कोणी राहते का?" प्रश्न विचारणाऱ्या मुलास आपण बहुधा दोहोंपैकी एक उत्तर देऊन खाली बसवितो. एक तर 'नाही' म्हणतो, अथवा 'शास्त्रज्ञ शोध घेत आहेत' असे सांगून पुढील ग्रहाकडे वळतो. पहिले उत्तर आजच्या ज्ञानाच्या पुढे धावणारे आहे. दुसरे खरे असूनही पोकळ आहे, कारण शोध घेतात म्हणजे नेमके काय करतात हे त्यातून मुलास कळत नाही. इकडे त्याच मुलाने घरच्या मोबाइलवर मंगळावरील दगडी मानवी चेहरा पाहिलेला असतो व तेथे त्यास ठाम उत्तर मिळालेले असते. तो चेहरा म्हणजे १९७६ साली व्हायकिंग यानाने टिपलेली, तिरप्या उन्हातील एक टेकडी होय. २००१ साली अधिक स्पष्ट छायाचित्र आले तेव्हा चेहरा नाहीसा झाला व टेकडी राहिली. हे दुसरे छायाचित्र मुलांपर्यंत सहसा पोहोचत नाही. ते पोहोचविणे आपले काम आहे.

मंगळाची सर्व माहिती देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ती पुस्तकांत आहे. 'जीव सापडला' असे म्हणण्यापूर्वी कोणकोणत्या शंका दूर कराव्या लागतात, आणि तीच रीत फळा, खडू व चार बाटल्या यांच्या साह्याने वर्गात कशी दाखविता येईल, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रारंभ पायाखालच्या दगडापासून करावा. पुण्याहून आळंदीस जाताना दिघीची टेकडी लागते. माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्या सर्वांच्या ती ओळखीची आहे. हिचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून झालेला बेसॉल्ट पाषाण. आपल्या जिल्ह्यात बहुतेक शाळांच्या पायात हाच दगड आहे आणि मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः ह्याच जातीच्या पाषाणाचा आहे. असा एक उघड्यावर पडलेला जुना धोंडा वर्गात फोडून दाखवावा. आत तो काळा व बाहेर तांबूस-तपकिरी दिसेल. हवा व पाणी ह्यांच्या योगाने दगडातील लोह गंजते, त्याचा हा रंग होय. मंगळाचा तांबडेपणाही लोहाच्या अशाच गंजाचा आहे. खाणीतील दगडाच्या पोकळ्यांत कधीकधी पांढरे चमकदार स्फटिक आढळतात. वाघोलीच्या खाणी तर अशा स्फटिकांसाठी जगभर प्रसिद्ध आहेत. लाव्हा थिजल्यानंतर त्याच्या पोकळ्यांतून ऊन पाणी झिरपत राहिले, त्यातून हे स्फटिक बनले. म्हणजे पाणी निघून गेल्यावरही त्याची साक्ष दगडाजवळ राहते. मंगळावरील गेल विवरात २०१२ साली उतरलेल्या क्युरिऑसिटी ह्या फिरत्या यंत्राने तेथील दगडांत अशीच साक्ष शोधली. एके काळी तेथे सरोवर होते असे त्यावरून ठरले.

येथे मुलांना क्षणभर थांबवावे. पाणी होते, म्हणून जीव होता असे होते काय? घरात चूल दिसली म्हणजे घरात माणूस आहेच असे नव्हे. चूल असल्यास माणूस राहू शकेल, इतकेच म्हणता येते.

आता इतिहासाकडे वळू. १८७७ साली इटलीतील ज्योतिषशास्त्रज्ञ जिओवान्नी स्कियापारेल्ली ह्यांना दुर्बिणीतून मंगळावर सरळ रेषा दिसल्या. त्यांना त्यांनी 'कानाली' म्हटले. ह्या इटालियन शब्दात नैसर्गिक ओहोळही येतो व खणलेला कालवाही येतो. इंग्रजीत जाताना त्याचा कालवा तेवढा झाला. ओढ्याला पाट म्हटले की पाट खणणारा कोण, हा प्रश्न आपोआपच उभा राहतो. अमेरिकेतील पर्सिव्हल लोवेल ह्यांनी १८९४ साली ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे स्वतःची वेधशाळा उभारली आणि पाण्याच्या दुर्भिक्षाने गांजलेल्या मंगळवासीयांनी ध्रुवाकडील बर्फाचे पाणी आणण्यासाठी हे कालवे खणले, असे पुढे ग्रंथ लिहून प्रतिपादिले. लोवेल अडाणी नव्हते, लबाडही नव्हते. त्यांना रेषा खरोखरच दिसत होत्या, आणि म्हणूनच ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

ह्या रेषांचा उलगडा करण्यात शाळकरी मुलांचा हात होता, हे फारच थोड्या शिक्षकांना ठाऊक असेल. ग्रीनिच वेधशाळेतील एडवर्ड वॉल्टर माउंडर ह्यांना अशी शंका होती की, बारीक व विस्कळीत ठिपके दुरून पाहिले असता डोळा ते आपसूक जोडतो. ग्रीनिच येथील रॉयल हॉस्पिटल शाळेचे मुख्याध्यापक इव्हान्स ह्यांच्या साह्याने त्यांनी ह्याचा प्रयोग केला. तो १९०३ साली प्रसिद्ध झाला. मंगळाच्या चित्रासारखी गोल चित्रे वर्गासमोर ठेवली. त्यांवर अनियमित डाग व ठिपके होते, पण रेषा नव्हती. निरनिराळ्या अंतरांवर बसलेल्या मुलांना दिसेल तसे काढावयास सांगितले. कालव्यांविषयी त्यांना काही सांगितलेले नव्हते. मधल्या अंतरावरील पुष्कळ मुलांनी रेषा काढल्या. लोवेल ह्यांनी 'पोरांचा सिद्धान्त' म्हणून ह्याची थट्टा केली. परंतु जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले, तेव्हा त्याने पाठविलेल्या छायाचित्रांत खड्डे होते, कालवे नव्हते.

हा प्रयोग आपल्या फळ्यावर करण्यास खर्च काही नाही. पांढऱ्या कागदावर बशीएवढे वर्तुळ काढून त्यात पेन्सिलीने अस्ताव्यस्त बारीक ठिपके व पुसट डाग द्यावेत, कागद फळ्यावर लावावा आणि पुढच्या, मधल्या व शेवटच्या ओळीतील मुलांना न बोलता चित्र उतरवावयास सांगावे. उद्देश आधी सांगू नये. नंतर तिन्ही ओळींची चित्रे शेजारी शेजारी लावावीत. सर्वच वर्गांत रेषा निघतील असे नाही. न निघाल्यास तसेच नोंदवावे. मुलांना 'बरोबर' उत्तराकडे ढकलले तर प्रयोग वाया गेला असे समजावे.

मंगळावरच्या मातीत हात घालण्याचा योग १९७६ साली आला. त्या वर्षी २० जुलै रोजी व्हायकिंग-१ व ३ सप्टेंबर रोजी व्हायकिंग-२ ही याने तेथे उतरली. सूक्ष्मजंतू शोधण्यासाठी त्यांत तीन प्रयोग होते. त्यांपैकी गिल्बर्ट लेव्हिन ह्यांच्या प्रयोगात मातीवर पोषक द्रवाचे थेंब टाकावयाचे होते. द्रवातील कार्बन किरणोत्सर्गी असल्यामुळे, जंतूंनी तो खाऊन वायू सोडला तर तो ओळखता यावा अशी योजना होती. थेंब पडताच वायू निघाला! दुसरी माती १६० अंश सेल्सिअसवर तीन तास तापवून तोच प्रयोग केला, तेव्हा वायू निघाला नाही. आधी ठरविलेल्या कसोटीप्रमाणे हे 'जीव आहे' असेच उत्तर होते. तरीही बहुतेक शास्त्रज्ञांनी ते मान्य केले नाही. ते का, हे समजण्यासाठी बाटल्या घ्याव्यात.

सारख्या चार बाटल्यांत प्रत्येकी दोन चमचे धुऊन वाळविलेली वाळू घालावी. पहिलीत केवळ वाळू. दुसरीत वाळू व बेकरीत मिळणारे सुके यीस्ट. तिसरीत वाळू, खाण्याचा सोडा व वाटलेले लिंबूसत्त्व. चौथीत यीस्ट मिसळलेली वाळू, पण तव्यावर चांगली भाजून थंड केलेली. बाटल्यांवर फक्त क्रमांक घालावेत. कोणत्या बाटलीत काय आहे ते मुलांना सांगू नये. मग सर्वांत सारखेच कोमट साखरपाणी ओतून तोंडाला फुगे बसवावेत. (बूच लावू नये, बाटली फुटण्याचा संभव असतो.) तिसरी बाटली तत्क्षणी फसफसते आणि थोड्याच वेळात थंडावते. दुसरी प्रथम गप्प राहते. पाव तासाने तिला फेस येऊ लागतो व तो वाढत जातो. पहिल्या पाच मिनिटांतच 'जीव कोणत्या बाटलीत?' असे विचारावे. बहुतेक मुले तिसरीकडे बोट दाखवतील. एका शिक्षण परिषदेत मी हा प्रयोग केला तेव्हा शिक्षकांनीही तिसरीकडेच दाखविले होते! दुसऱ्या दिवशी पुन्हा साखरपाणी घालावे. दुसरी बाटली पुन्हा जागी होते. तिसरीत काहीच घडत नाही.

व्हायकिंगची माती ह्या तिसऱ्या बाटलीसारखी वागली. वायू झटकन निघाला, पण पोषक द्रव पुन्हा घातल्यावर नवा वायू निघाला नाही. तापविलेल्या मातीने वायू सोडला नाही हे खरे. तथापि तापविल्याने जंतूच मरतात असे नाही, काही रसायनेही निकामी होतात. पाणी शुद्ध करण्याची टी. सी. एल. पावडर उन्हात उघडी राहिली तर तिचा जोर जातो, हे ग्रामपंचायतीच्या शिपायासही माहीत असते. शिवाय यानावरील दुसऱ्या उपकरणास मातीत सेंद्रिय पदार्थ सापडले नाहीत. जंतू असतील तर त्यांची शरीरे कोठे गेली, असा हा पेच होता. २००८ साली फिनिक्स यानास मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्षार आढळले. तापविले असता हे क्षार सेंद्रिय पदार्थांचा नाश करतात; म्हणजे ज्या उपकरणाने 'नाही' म्हटले, त्याच्या 'नाही'वरही शंका आली. लेव्हिन २०२१ साली वारले. आपल्या प्रयोगाने जीव शोधला होता, असे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. मुलांना ही बाजूही सांगावी. बहुमत एका बाजूस असले म्हणून दुसऱ्या बाजूचा माणूस हास्यास्पद ठरत नाही.

ह्यापुढील शोध मिथेनचा. गोबरगॅसमध्ये जळणारा वायू तो हाच. गुरांच्या शेणात तो जंतूंमुळे होतो, परंतु दगड व ऊन पाणी ह्यांच्या क्रियेनेही होतो. क्युरिऑसिटीस जून २०१९ मध्ये शंभर कोटी भागांत २१ भाग मिथेन आढळला. त्याच ग्रहाभोवती फिरणाऱ्या युरोपीय यानास मात्र तो मुळीच आढळला नाही. हा मेळ अद्याप बसलेला नाही.

ह्या शोधात भारतही होता. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून निघाले व २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. पहिल्याच प्रयत्नात हे साधणारा भारत हा पहिला देश. ज्या पीएसएलव्ही अग्निबाणाने ते नेले, त्या जातीच्या अग्निबाणांचे काही भाग आपल्याच जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात बनत आले आहेत. इंदापूरकडील शिक्षकांनी हे अवश्य सांगावे. यानावर मिथेन मोजण्याचे उपकरण होते. त्याच्या नोंदींतून मिथेनविषयी खात्रीचा निष्कर्ष निघू शकला नाही व पुढे त्याचा उपयोग पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा नकाशा करण्यासाठी झाला. हा भाग भाषणातून व निबंधांतून गाळला जातो. माझ्या मते तो गाळू नये. कक्षेत पोहोचल्याचा अभिमान ह्या एका वाक्याने कमी होत नाही, आणि मोजता आले नाही तेव्हा 'मोजले' न म्हणणे हाही त्या पराक्रमाचाच भाग आहे.

असाच संयम डॉ. जयंत नारळीकर ह्यांच्या प्रयोगात दिसतो. त्यांच्या पुढाकाराने हैदराबादेहून मोठे फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली गेली. २००५ सालच्या उड्डाणातील नमुन्यांत, पुणे व हैदराबाद येथील प्रयोगशाळांना जंतूंच्या तीन नव्या जाती आढळल्या व २००९ साली ते जाहीर झाले. एकीस आर्यभटाचे नाव दिले आहे. परंतु हे जंतू पृथ्वीबाहेरूनच आले असे ह्यावरून निश्चित सिद्ध होत नाही, हे त्या वेळी स्पष्टपणे सांगण्यात आले.

सर्वांत ताजी बातमी सप्टेंबर २०२५ मधील आहे. पर्सिव्हिअरन्स हे यंत्र १८ फेब्रुवारी २०२१ पासून जेझेरो विवरात आहे. तेथे एका जुन्या नदीपात्रातील दगडावर त्यास २०२४ साली बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांसारखे ठिपके दिसले. त्यांत लोहाची जी खनिजे असावीत असे वाटते, ती पृथ्वीवरील चिखलात पुष्कळदा जंतूंच्या क्रियेने होतात. वर्षभर तपासणी करून शास्त्रज्ञांनी शब्द वापरला तो 'संभाव्य जीवखूण'. जंतूंवाचूनही ती खनिजे होऊ शकतात. तो पर्याय पुरता निकालात निघालेला नाही. दगडाचा नमुना नळीत बंद करून ठेवला आहे. तो पृथ्वीवर केव्हा येईल हे ठरलेले नाही. 'संभाव्य' हा शब्द फळ्यावर लिहून वरील चार बाटल्यांपैकी कोणता प्रयोग ह्या दगडावर करता येईल, असे मुलांना विचारावे. मुले चकित करणारी उत्तरे देतात.

"हे अभ्यासक्रमात कोठे बसवावयाचे?" असे शिक्षकबंधुभगिनी विचारतील. ग्रहमालेच्या पाठास एक तास व बाटल्यांस दोन दिवस मिळून मधल्या सुटीचा थोडा वेळ पुरे. प्रत्यक्ष मंगळ दाखवावयाचा असेल तर १९ फेब्रुवारी २०२७ हा दिवस लक्षात ठेवावा. शिवजयंतीच त्या दिवशी आहे. मंगळ त्या दिवशी सूर्याच्या समोर येत असल्याने सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेस उगवून रात्रभर दिसेल. मघा नक्षत्राच्या परिसरात पाहावे. जवळच गुरू अधिक तेजाने पांढरा दिसेल. तांबूस तो मंगळ. चंद्र त्या दिवशी जवळजवळ पूर्ण असल्याने पुढील आठवड्यातील एखादी रात्र अधिक सोयीची.