खुरपणी, वेचणी व तोड्याच्या कामासाठी हातमोजे : नाजूक हातांच्या स्त्रियांसाठी निवड कशी करावी

शेतीतील हाताने करावयाची पुष्कळशी कामे स्त्रियांकडे असतात. खुरपणी, कापसाची वेचणी, भेंडीचा व मिरचीचा तोडा, उसाच्या मोळ्या बांधणे ही कामे अशी आहेत की, त्यांत अवजारापेक्षा हातच अधिक झिजतो. हात मुळात नाजूक असेल, सांधे दुखत असतील किंवा कातडीवर पुरळ उठत असेल, तर त्या स्त्रीचे काम ऐन हंगामात बंद पडते, आणि हंगामातील बुडालेली मजुरी मागाहून भरून निघत नाही. अशा हातांसाठी गादीचे हातमोजे बाजारात मिळतात व घरीही शिवता येतात. तथापि हौसेने आणलेले मोजे चार दिवसांत खुंटीला लागतात, हेही तितकेच खरे आहे. याबद्दल बाईला बोल लावण्यात अर्थ नाही. मोजा त्या कामासाठी व त्या हातासाठी बेतलेला नव्हता, एवढेच त्यावरून समजावे.

हात कशाने दुखतो?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मोज्यांची शिफारस करण्यापूर्वी ही चौकशी अवश्य करावी. ‘हात नाजूक आहे’ या एकाच शब्दाखाली निरनिराळ्या तक्रारी येतात. कोणाच्या तळव्यावर खुरप्याच्या मुठीने फोड येतात. अशा हातास गादीचा खरा उपयोग होतो. कोणाच्या अंगठ्यास व त्यालगतच्या दोन बोटांस रात्री मुंग्या येतात व हात झटकावा लागतो. मनगटातील नस दबल्याने असे होत असण्याचा संभव असतो. या स्त्रीस जाडजूड मोजा दिल्यास त्रास वाढतो, कारण मोजा जाड झाला की बोटे पुरती वळत नाहीत आणि तीच पकड धरण्यास अधिक जोर लावावा लागतो. सांधे सुजलेल्या हातांचीही तीच गोष्ट होय. तिसरा प्रकार खाज, पुरळ व भेगा यांचा. तेथे गादीला महत्त्व नसून मोजा कशाचा केला आहे याला महत्त्व आहे.

याखेरीज एक चौथा हात असतो व तो सर्वांत फसवा असतो. त्यास दुखतच नाही. चटका बसला, काटा रुतला, फोड फुटला तरी कळत नाही. मधुमेहात असे होऊ शकते, तसेच कुष्ठरोगातही होते. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे केलेल्या कार्यातून हे स्पष्ट झाले की, कुष्ठरुग्णांच्या बोटांची हानी मुख्यतः न जाणवलेल्या इजांमुळे होते. अशा हातास गादीचा मोजा व गुंडाळलेली मूठ ही दोन्ही आवश्यक आहेत, पण केवळ मोजा देऊन थांबू नये. कातडीवर फिकट वा लालसर बधिर चट्टा असल्यास त्या व्यक्तीस प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. कुष्ठरोगाचे औषध तेथे विनामूल्य मिळते व रोग पूर्ण बरा होतो.

गादी कोठे असावी?

दुकानातील कित्येक मोज्यांना तळव्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत सारखीच गादी असते. ती हाताला मऊ लागते म्हणून पसंत पडते, परंतु कामाला ती अडचणीची होते. गादी जेथे मूठ दाबते तेवढ्याच जागी हवी. ही जागा प्रत्येकीची थोडी निराळी असते. ती ओळखण्याची सोपी युक्ती अशी : खुरप्याच्या मुठीला हळद किंवा काजळी लावावी, उघड्या हाताने नेहमीप्रमाणे चार-सहा वेळा खुरपावे आणि तळहात पाहावा. बहुधा अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या मनगटाकडील उंचवट्यावर व बोटांच्या मुळाशी डाग गडद दिसतील. तेथे गादी द्यावी. मूठ वळताना तळव्याला जेथे घडी पडते ती जागा मोकळी सोडावी, नाहीतर कापडाचा गोळा होऊन तोच टोचू लागतो.

ही गादी घरी करता येते. ज्या स्त्रीला गोधडी शिवता येते तिला हे निराळे शिकवावे लागत नाही. जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे, धुऊन मऊ झालेले तीन-चार पदर एकावर एक घ्यावेत, डागाच्या आकाराचे कापावेत आणि धावदोऱ्याने जवळजवळ टाके घालून एकजीव करावेत. मग हा तुकडा साध्या विणलेल्या मोज्यावर बाहेरच्या बाजूने शिवावा. आतून शिवल्यास शिवण व गाठी कातडीवर घासतात. नवे, खळीचे कापड वापरू नये. कापूस भरलेली फुगीर गादी दिसावयास चांगली, पण घामाने ओली झाली की तिचे गठ्ठे होतात. पदरांची गादी चपटी राहते व लवकर वाळते.

कित्येकदा हाताऐवजी मुठीलाच गादी लावणे श्रेयस्कर ठरते. खुरप्याची बारीक, गुळगुळीत मूठ घट्ट धरावी लागते. तिच्यावर सुती पट्टी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, तर ती थोडी भरीव होते, निसटत नाही व हाताचा जोर वाचतो. सांधेदुखी असलेल्या स्त्रीने मोजा घेण्याआधी हा उपाय करून पाहावा.

माप

बाजारातील बरेचसे मोजे पुरुषांच्या हाताला बसणारे असतात. सैल मोजा हातात फिरतो, त्याची टोके रोपात अडकतात व फोडही त्यानेच येतात. माप घेताना अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळव्याभोवती फीत गुंडाळावी. घेर जितके इंच भरेल तोच साधारणपणे मोज्याचा क्रमांक होय. ६ क्रमांकाचा मोजा सुमारे १५२ मिलिमीटर घेराच्या हातासाठी, ७ क्रमांकाचा १७८ व ८ क्रमांकाचा २०३ मिलिमीटरच्या हातासाठी असतो. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी या तीन क्रमांकांना अनुक्रमे १६०, १७१ व १८२ मिलिमीटर धरतात. मोजा घालून मूठ वळावी व जमिनीवरून एखादा तुरीचा दाणा उचलून पाहावा. दाणा उचलता आला नाही तर तो मोजा खुरपणीला निरुपयोगी समजावा.

बांगड्यांचा विचार दुकानदार करीत नाही, तो आपण करावयास हवा. मोज्याची बाही काचेच्या बांगड्यांवर आवळून बसली व बांगडी फुटली, तर काच आतल्या आत मनगटात रुतते. मोजा बांगड्यांच्या अलीकडे संपणारा तरी असावा, नाहीतर बांगड्या मागे सारून त्यावर सैल बसेल अशा रुंद बाहीचा असावा.

कामाप्रमाणे निवड

विळ्याने कापणी करताना दोन हातांची कामे भिन्न असतात, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. उजव्या हातात विळा असतो, त्यास गादी हवी. डाव्या हातात पिकाची पेंढी असते व विळा निसटला तर तोच कापला जातो, त्यास न कापले जाणाऱ्या दाट विणीचा मोजा हवा. तेव्हा जोडी म्हणून एकसारखे मोजे घालण्याचा आग्रह नसावा. डावखुऱ्या स्त्रीने याच्या उलट करावे. उसाच्या तोडीत पाचट काढणाऱ्या व मोळी बांधणाऱ्या स्त्रीच्या हातांना पात्याची करवती कड व बारीक कूस लागते. तेथे दाट विणीचा, तळव्यावर रबरासारखा लेप दिलेला, कोपराकडे लांब जाणारा मोजा चांगला.

कापूस वेचणीत मजुरी वजनावर मिळते. मोज्याने बोटे मंदावली तर पैसे कमी होतात, म्हणून तेथे मोजा टिकत नाही, आणि हे अगदी स्वाभाविक आहे. उमललेल्या बोंडाची वाळलेली टोके नखांभोवती टोचतात. यासाठी पातळ, अंगाबरोबर बसणारा सुती मोजा घ्यावा व चिमटीच्या बोटांची अगदी टोके तेवढी उघडी ठेवून पाहावी. मोजा पांढराच असावा. रंगीत किंवा नायलॉनचे धागे कापसात गेले तर मालाची प्रत खालावते.

भेंडीच्या फळावरील सूक्ष्म लव विरळ विणीतून आत शिरते. तेथे लेप दिलेला पातळ मोजा हवा, गादीची गरज नाही. मिरचीचा तिखटपणा पाण्याने सुटत नाही, तेलाने सुटतो. काम झाल्यावर हातांना प्रथम तेल चोळून मग साबण लावावा, आणि मोज्याच्या हाताने डोळे कधीही पुसू नयेत.

गाजर गवताबद्दल अधिक सावध राहिले पाहिजे. १९५५ साली पुण्यात प्रथम नजरेस आलेले हे तण आता सर्वत्र पसरले आहे. ते फुलावर येण्यापूर्वी, ओल असताना, मोजे घालून मुळासकट उपटावे. परंतु ज्या स्त्रीला त्याने एकदा पुरळ उठले आहे तिला मोजा पुरेसे संरक्षण देत नाही, कारण त्याचे वाळलेले कण वाऱ्याने चेहऱ्यावर व मानेवरही येतात. तिला हे काम देऊच नये.

मोज्याचीच बाधा

पुरळ मोज्याच्या कडेपाशी रेषेत थांबत असेल तर संशय मोज्यावर घ्यावा. नैसर्गिक रबर, रबरात मिसळलेली रसायने व कमावलेल्या कातड्यातील क्रोमियम यांची काही जणांना बाधा होते. अशांना नायट्राईलचा मोजा बहुधा सोसतो. घामाने कातडी भिजून सोलवटू नये म्हणून दोन जोड ठेवून आलटून-पालटून वापरावेत व ते उलटे करून सावलीत वाळवावेत.

औषध फवारणी

येथे मात्र गादीचा, सुती किंवा कातड्याचा मोजा हातात घालणे घातक आहे. तो विष शोषून घेतो व दिवसभर कातडीला लावून ठेवतो. भेगाळलेल्या हातातून ते अधिक लवकर शरीरात जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकरी व मजूर दगावले, ही घटना सर्वांना स्मरत असेल. स्त्रिया पंप पाठीवर घेत नसल्या तरी पाणी आणणे, औषध कालवणे व फवारणीचे कपडे धुणे ही कामे त्यांच्याकडे येतात. त्यांसाठी अस्तर नसलेला, सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीचा नायट्राईलचा लांब मोजा वापरावा. वापरण्यापूर्वी त्यात पाणी भरून तो दाबावा, म्हणजे छिद्र असल्यास कळेल. काढण्यापूर्वी मोजे हातात असतानाच बाहेरून साबणाने धुवावेत. हे मोजे दुसऱ्या कोणत्याही कामास, विशेषतः भाजी तोडण्यास, घेऊ नयेत.

मळणी यंत्र व कडबा कुट्टी यांच्यापाशी मोजे, गादीचे असोत वा साधे, काढून ठेवावेत. फिरत्या भागात मोज्याचे टोक अडकले तर हात ओढला जातो आणि तो सोडवण्यास वेळ मिळत नाही. अशा यंत्रावर काम करणाऱ्या स्त्रीच्या हाताला मुठीची गुंडाळी व रात्री झोपताना भेगांना लावलेले खोबरेल एवढेच उपाय योग्य होत.