गाडीचा प्लग कोणता घ्यावा?



बेणे निवडताना आपण डोळा पाहतो, कांडी पाहतो, कोणत्या जमिनीला कोणती जात मानवेल ते चार जणांना विचारतो. मोटारसायकलचा प्लग आणायला गेलो की मात्र दुकानदाराला एवढेच सांगतो, "एक प्लग द्या." तो देतो, आपण घेतो. आट्यात बसला म्हणजे झाले, असे आपण धरून चालतो. ही समजूत किती महागात पडते, याची एक गोष्ट सांगून मग विषयाकडे वळू.

आपल्यातल्याच एका सभासदाच्या घरी रात्री अकराच्या सुमारास वडिलांच्या छातीत दुखू लागले. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात न्यायचे ठरले. गाडी किकवर किक मारली तरी सुरू होईना. प्लग काढून पाहिला तर काजळीने काळाकुट्ट. तो पुसून लावीपर्यंत अर्धा तास गेला आणि शेवटी शेजाऱ्याची जीप काढावी लागली. म्हातारबाबा वाचले. पण त्या गाडीला चार महिन्यांतला तो तिसरा प्लग होता! "हल्ली माल चांगला येत नाही," असे घरातले म्हणत होते. माल चांगलाच होता. तो त्या इंजिनाचा नव्हता, एवढेच.

प्लग कोणाला असतो?

पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या इंजिनाला ठिणगीचा प्लग लागतो. मोटारसायकल, स्कूटर, पेट्रोल मोटार, औषध फवारणीचा इंजिनवाला पंप, गवत कापायचे यंत्र ही सगळी त्यात आली. डिझेल ट्रॅक्टरला असा प्लग नसतो. तिथे हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. काही डिझेल गाड्यांना हीटर प्लग असतो, पण तो थंडीत इंजिन सुरू होण्यापुरता. त्याचा आजच्या विषयाशी संबंध नाही.

प्लगचे काम बोलायला सोपे, करायला कठीण. कॉइलकडून हजारो व्होल्टचा दाब येतो आणि दोन टोकांमधल्या फटीतून ठिणगी उडते. मोटारीचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या इंजिनात एका प्लगला मिनिटाला दीड हजार वेळा पेट्रोल पेटवावे लागते. तासाचे झाले नव्वद हजार.

पहिले माप: आटे आणि लांबी

प्लगच्या आट्यांची जाडी वेगवेगळी असते. मोटारी आणि जुन्या दुचाक्यांना बहुधा १४ मिलिमीटर, शंभर सीसीच्या बऱ्याच मोटारसायकलींना १० मिलिमीटर. चुकीच्या जाडीचा प्लग बसतच नाही, म्हणून तिथे फसगत होत नाही.

फसगत होते ती आट्यांच्या लांबीत. १२.७ आणि १९ मिलिमीटर ही दोन लांब्यांची मापे सर्रास आढळतात. आखूड आट्याच्या जागी लांब प्लग घातला तर त्याचे टोक आत जास्त घुसते आणि पिस्टन वर आला की त्यावर आपटू शकते. लांबाच्या जागी आखूड घातला तर ठिणगी आत पोचतच नाही, भोकातच राहते. शिवाय हेडचे मोकळे राहिलेले आटे काजळीने भरतात आणि पुढे बरोबर प्लग घालायला गेले की आटे सोलतात. दोनशे रुपयांच्या आतल्या वस्तूपायी हेड उतरवायची पाळी येते.

दुसरे माप: गरम प्लग, थंड प्लग

सगळ्यात मोठी चूक इथे होते. वरील सभासदाचीही इथेच झाली.

प्लगच्या आतल्या पांढऱ्या चिनीमातीच्या टोकाला इंजिनात सतत जाळ लागतो. ते टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापले, तर त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. मात्र ९०० अंशांच्या आसपास गेले, तर ते निखाऱ्यासारखे लाल होते आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवते. मग इंजिन खडखडते, ताकद जाते आणि वेळीच थांबलो नाही तर पिस्टनला भोकसुद्धा पडते.

टोक किती तापावे हे त्या चिनीमातीच्या लांबीवर ठरते. भट्टीत खुपसलेली सळई ओल्या फडक्यात धरा. फडक्यापुढे सळई जितकी लांब, तितके तिचे टोक जास्त तापते. प्लगचेही तसेच. टोक लांब असेल तर उष्णता हळू बाहेर जाते. तो गरम प्लग. टोक आखूड असेल तर उष्णता लवकर हेडमध्ये उतरते. तो थंड प्लग. थंड प्लगची ठिणगी कमजोर असते, हा मात्र गैरसमज आहे. ठिणगी दोघांची सारखीच, फरक फक्त टोक किती तापते याचा.

आपल्या सभासदाला दुकानात थंड प्लग मिळाला होता. आटे बरोबर, लांबी बरोबर. पण गाडीचे काम काय, तर घर ते मळा आणि मळा ते घर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. प्लगचे टोक काजळी जाळण्याइतके कधी तापलेच नाही. उलट भर उन्हाळ्यात तिघांना बसवून परळीहून अंबाजोगाईकडे बालाघाटचा चढ चढणाऱ्याने ठरल्यापेक्षा गरम प्लग लावला, तर त्याचे टोक लाल होण्याची भीती.

नंबरांचा घोळ

"मोठा नंबर म्हणजे चांगला प्लग" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. नंबर टिकाऊपणाचा नाही, गरम-थंडाचा असतो आणि प्रत्येक कंपनीची रीत निराळी. एनजीकेच्या प्लगवर नंबर वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चँपियनच्या हल्लीच्या नंबरांत वाढला की गरम होतो. पूर्वी आपण ज्याला मायकोचा प्लग म्हणत होतो, ती बेंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ साली निघाली आणि २००८ पासून बॉश या नावाने चालते. त्यांच्या जुन्या प्लगांवर १७५, २२५ असे मोठे आकडे असत आणि तिथे मोठा आकडा म्हणजे थंड प्लग! जुन्या मिस्त्रीचे ठोकताळे आता उलटे पडतात ते यामुळेच.

एक उदाहरण पाहा. एनजीकेचा बीपी६ईएस, बॉशचा डब्ल्यू७डीसी आणि चँपियनचा एन९वायसी हे जवळजवळ एकाच कामाचे प्लग आहेत. नंबर मात्र सहा, सात आणि नऊ. म्हणून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेताना अंदाज करू नये, दुकानातल्या तुलनेच्या तक्त्यावरून नंबर लावून घ्यावा.

एनजीकेच्या नंबरात पी नंतर आर हे अक्षर असेल, उदाहरणार्थ बीपीआर६ईएस, तर आत रोध बसवलेला आहे असे समजावे. आजच्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांत ठिणगीचा उपद्रव इतर यंत्रणेला होऊ नये म्हणून तो लागतो. पुस्तकात आर असेल तर बिगर-आरचा प्लग लावू नये.

प्लगचे तोंड वाचा

नवा प्लग घेण्याआधी जुना काढून उजेडात पाहा. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते तो सांगतो.

१. टोक फिकट तपकिरी: सगळे ठीक.

२. कोरडी काळी काजळी: हवा कमी, पेट्रोल जास्त, किंवा प्लग थंड. गळीत हंगामात ऊसवाहतुकीच्या रस्त्यांवर धुरळा उडतो, त्याने एअर फिल्टर चोंदतो. आधी फिल्टर पाहावा.

३. ओला तेलकट काळा: चार स्ट्रोकमध्ये रिंगा झिजल्या असतील. दोन स्ट्रोकच्या फवारणी पंपात पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडले असेल. अंदाजाने ओतू नये, पुस्तकातले प्रमाण मापाने घ्यावे.

४. पांढरे भुरके, फोड आलेले: इंजिन जास्त तापते आहे. हवा जास्त, पेट्रोल कमी, टायमिंग चुकले, किंवा प्लग गरम. ही खूण दिसली तर गाडी दामटू नये.

रोग इंजिनात असेल तर प्लग बदलून दुखणे जात नाही, नवा प्लगही महिन्याभरात तसाच होतो.

इथेनॉलचे काय?

हा प्रश्न ऊसवाल्यांना विचारला जाणारच. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला २००३ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत सुरुवात झाली. देशाची सरासरी २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेली. इथेनॉलच्या अंगात प्राणवायू असतो आणि लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी. नव्या इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोलचे प्रमाण आपोआप सावरून घेतात. जुन्या कार्बोरेटरचे जेट ठरलेले असते, त्यामुळे मिश्रण थोडे पातळ होते आणि प्लगचे टोक पूर्वीपेक्षा पांढरट दिसू शकते. अशा वेळी मनाने प्लगचा नंबर बदलू नये, मिस्त्रीकडून कार्बोरेटर तपासून घ्यावा. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून बरेच दिवस गाडी उभी राहणार असेल तर टाकीचे झाकण घट्ट असल्याची खात्री करावी.

बसवताना

इंजिन थंड होऊ द्यावे. प्लग सैल करण्याआधी भोवतालची माती पंपाने उडवून टाकावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. फट पुस्तकात लिहिली असेल तेवढीच, फिलर गेजने मोजून ठेवावी. मोटारसायकलींना साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते. इरिडियम किंवा प्लॅटिनमचा महाग प्लग ब्रशने घासू नये आणि त्याची फट वाकवू नये, टोक नाजूक असते.

प्लग आधी हाताने फिरवावा. हाताने जात नसेल तर आटे तिरपे लागले आहेत, पाना लावू नका. हाताने टेकल्यावर वॉशरचा नवा प्लग पान्याने सुमारे अर्धा फेरा आवळावा, जुना असेल तर थोडासाच. हेड ॲल्युमिनियमचे असते, जोर दाखवायची ती जागा नव्हे.

ठिणगी पाहायची हौस हातात प्लग धरून करू नये. झटका जबर असतो आणि जवळ पेट्रोल असले तर भडका उडतो.

शेवटी

त्या सभासदाच्या गाडीला नंतर पुस्तकातल्या नंबरचा प्लग घातला आणि चोंदलेला एअर फिल्टर बदलला. वडील त्याच गाडीवर मागे बसून आता मळ्यात जातात.

आपल्या गाडीच्या पुस्तकातला प्लगचा नंबर आणि फटीचे माप आजच एका कागदावर उतरवा आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. दुकानात गेल्यावर "एक प्लग द्या" म्हणू नका, नंबर सांगून मागा. बिल घ्या, म्हणजे नकली माल गळ्यात पडणार नाही. आणि त्याच नंबरचा एक जादा प्लग, प्लगपान्यासह, गाडीच्या पेटीत असू द्या. रात्री-अपरात्री दुकान उघडे नसते, पण दुखणे वेळ पाहून येत नाही.