हरितलवकातील डीएनएचे मोजमाप

आपल्या जालना जिल्ह्यातील बहुतेक मुलांना कपाशीचे पान ओळखून देण्याची गरज नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि संकरित बियाण्यांसाठी हे शहर देशभर ओळखले जाऊ लागले. संकरित बियाण्याला मादी आणि नर असे दोन वाण लागतात. मादी वाण कोणता होता, याची साक्ष पानातील हरितलवके देतात. कारण कपाशीत ती मातेकडूनच येतात.

हरितलवकात स्वतःचा डीएनए असतो, हे प्रारंभी सर्वमान्य नव्हते. सापडलेला डीएनए केंद्रकातून मिसळला असावा, ही शंका रास्त होती. १९६२ साली रिस आणि प्लाऊट यांनी क्लॅमिडोमोनास या शैवालाच्या हरितलवकात डीएनए दाखविला. १९६३ साली रूथ सेगर आणि इशिदा यांनी तो अलग केला. कपाशीच्या हरितलवकातील डीएनएमध्ये १,६०,३०१ बेस-जोड्या आहेत, हे २००६ साली प्रसिद्ध झाले.

तो मोजायचा कसा? पिष्टमय कण कमी व्हावेत म्हणून पाने आधी अंधारात ठेवतात. मग ती थंड, शर्करायुक्त द्रावणात वाटून, गाळून सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवितात. तळाशी बसलेल्या हरितलवकांवर डीएनेझ हे विकर सोडतात. अखंड हरितलवकात त्याला प्रवेश नसतो. बाहेर चिकटलेला केंद्रकाचा डीएनए मात्र ते तोडून टाकते. विकर निष्प्रभ करून, धुऊन काढल्यावरच हरितलवक फोडून आतला डीएनए घेतात.

या डीएनएवर २६० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडतात. एक सेंटीमीटर जाडीच्या द्रावणात शोषण १ आले, तर दर मिलिलीटरला सुमारे ५० मायक्रोग्रॅम दुपदरी डीएनए आहे, असे समजतात. परंतु आरएनएही हेच किरण शोषतो. आणि डीएनए केंद्रकाचा की हरितलवकाचा, हे तर यंत्राला मुळीच कळत नाही. म्हणून पीसीआर तंत्राने हरितलवकाचे एक जनुक आणि केंद्रकाचे एक जनुक यांचे प्रमाण ताडून पाहतात.

आम्ही इतिहासाचे अध्यापक. एखादा दस्तऐवज हाती आला की त्यात मागाहून कोणी काय घातले, हे आम्ही आधी तपासतो. प्रयोगशाळेतही हाच क्रम आहे. आकडा अचूक असला तरी नमुना भेसळीचा असेल, तर निष्कर्ष चुकतो. म्हणून प्रयोगवहीत उत्तर लिहिण्यापूर्वी नमुना कसा शुद्ध केला, ते अवश्य लिहावे, एवढीच आमची विनंती आहे.