उन्हाळ्याचे दिवस व घरातील मंडळी

उन्हाळा लागला म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्यातील गावोगावी तीनच गोष्टींची बोलणी चालतात: ऊन, पाणी आणि लग्ने. परंतु या ऋतूत आणखी एक गोष्ट घडत असते व तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती ही की, वर्षातून याच दिवसांत घर माणसांनी भरलेले असते. कारखान्यांचे गाळप संपून ऊसतोडीस गेलेली कुटुंबे परत आलेली असतात. शाळेस सुटी असते. वसमत, औंढ्याकडील हळद निघून, शिजून, वाळून बाजाराच्या वाटेस लागलेली असते, आणि मृग निघेपर्यंत रानात नांगरटी-वखरणीखेरीज मोठे काम नसते. एकदा पेरणी सुरू झाली म्हणजे बाप व मुलगा यांची गाठ केवळ जेवणाच्या ताटावर पडावयाची. ज्या घरची मुले दिवाळीनंतर आजीपाशी राहतात व आईबाप परमुलखात कोपीत दिवस काढतात, त्या घरास तर एकत्र राहण्यास हेच काय ते दोन-तीन महिने मिळतात.

हे दिवस जातात कसे? पुरुष पारावर, स्त्रिया वाळवणात, मुलगे विहिरीवर आणि मोठी पोरे प्रत्येकी एका कोपऱ्यात मोबाइलावर मान घालून. घर भरलेले असूनही माणसे एकमेकांस भेटत नाहीत. मुलांबरोबर वेळ घालवावयाचा तर पैसा पाहिजे, थंड हवेचे ठिकाण पाहिजे, अशी समजूत आता खेड्यांतही शिरली आहे. ती सोडून द्यावी. मुलास खेळणे आणून दिल्याने जितका आनंद होत नाही, तितका थोरांच्या कामात त्याला बरोबरीने घेतल्याने होतो. या पाठात ज्या गोष्टी सांगावयाच्या आहेत त्यांस खर्च लागत नाही. लागते ती बापाची व आजोबांची तयारी. आया बहुधा तयारच असतात.

कुरडयांचेच घ्या. गहू तीन दिवस भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग वाटून चीक काढावयाचा, तो रात्रभर निवळू द्यावयाचा व पहाटे शिजवून सोऱ्याने घालावयाचा. या कामात मुलांस आपण कोठे घेतो? कावळे हाकलण्यास! पहाटेच्या गोड झोपेतून उठून भर उन्हात काठी घेऊन बसण्याचे काम तेवढे त्यांचे. असे करू नये. चीक निवळत ठेवण्यापूर्वी मुलाला पातेल्यात पाहू द्यावे, सकाळी वरचे पाणी ओतून खाली काय बसले ते दाखवावे व ते का बसले हे त्यालाच विचारावे. सोऱ्या फिरविण्यास जोर लागतो, तेथे घरातील पुरुषाने हात द्यावा. त्याने त्याचा मान जात नाही. आणि गरम चिकाची वाटी, गूळ व दूध घालून, सर्वांनी त्याच जागी बसून खावी. पुष्कळांच्या लहानपणच्या आठवणींत ही वाटी आहे, परंतु वडील तेथे बसलेले थोड्यांनाच आठवत असतील.

दुपारी बारा ते चार या वेळात मुलांस घराबाहेर सोडू नये, हे सर्वांस ठाऊक आहे. पण घरात कोंडलेल्या मुलाने करावे काय, हे कोणी सांगत नाही. कोळशाने फरशीवर पाच घरे उभी व पाच आडवी आखावी, चिंचोके मधोमध फोडून त्यांचे फासे करावे, की चौकाबाऱ्याचा डाव मांडला गेला. आजीला हा खेळ येतोच, आणि बहुतेक वेळा तीच जिंकते. पैज मात्र लावू नये. सागरगोटे मुलींचेच, अशीही एक समजूत आहे. एखाद्या बापाने एकदा पाच सागरगोटे झेलून पाहावेत, म्हणजे मुलींच्या हाताची किंमत त्यास कळेल.

हळद तर आपल्या जिल्ह्याचे सोने. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तिचा एक खेळ पाहा. चिमूटभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर लावावी व सावलीत वाळवावी. मग त्या पिवळ्या कागदावर एके ठिकाणी साबणाचे पाणी, दुसरीकडे राखेचे निवळ पाणी व तिसरीकडे खाण्याचा सोडा कालवलेले पाणी काडीने टेकवावे. कागद तांबडा होतो. त्याच तांबड्या डागावर लिंबाचा रस टाकला की पुन्हा पिवळा! पदार्थ आंबट आहे की क्षारयुक्त, हे ओळखण्याची ही घरगुती परीक्षा आहे. हळदीचे डाग पडलेले धोतर साबण लावताच लाल का होते, याचे उत्तर यात आहे, आणि हळदीपासून कुंकू कसे होते याचेही. मुलांनी चिंचेचे पाणी, ताक, कैरीचे पन्हे, जे जे घरात मिळेल ते लावून पाहावे. मात्र लावण्यापूर्वी काय होईल हे प्रत्येकाने बोलून दाखवावे व मग कोणाचे खरे ठरले ते पाहावे. कळीचा चुना डोळ्यांस घातक आहे, तो या खेळात घेऊ नये.

आता दुसरी मौज सांगतो, ती वर्षातून दोनदाच घडते. आपला जिल्हा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेएकोणीस अंशांवर आहे. म्हणून मे महिन्याच्या १७ ते २० तारखांच्या सुमारास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. वसमतकडे हा दिवस थोडा आधी व सेनगावकडे एक-दोन दिवस उशिरा येतो. घड्याळात बारा वाजता नव्हे; आपल्याकडे मध्यान्ह साधारण बारा वाजून अठरा मिनिटांनी होते. त्या वेळी अंगणात सपाट जागी एक तांब्या व एक सरळ काठी उभी करावी. सावली आखडत आखडत काठीच्या बुडाशी नाहीशी होते. मुलाने आपली स्वतःची सावली शोधावी. ती त्याच्या पायांखालीच सापडेल. डोक्यावर ओला पंचा घ्यावा व पाच मिनिटांत घरात यावे. याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. वर्षभर दुपारची आपली सावली उत्तरेकडे पडते. पण या दिवसानंतर जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ती दक्षिणेकडे पडते! ढग नसतील त्या दिवशी दुपारी पाहावे. पुण्या-मुंबईकडेही असे होते, पण दिल्लीस कधीच होत नाही. हे का, याचा विचार शाळेत जाणाऱ्या मुलांनी पृथ्वीच्या गोलावर करावा.

पोहण्याविषयी मात्र आम्हांस कडक बोलणे भाग आहे. उन्हाळ्यात पोहणे ही खेड्यातील सर्वांत मोठी मौज, व ती मुलांपासून हिरावून घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु मुले एकमेकांस पोहणे शिकवितात हे फार वाईट. पोहणे बापाने, काकाने किंवा मामाने शिकवावे. मुलाच्या कंबरेस दोर बांधलेला असावा व दोराचे दुसरे टोक काठावरच्या शहाण्या माणसाच्या हातात असावे. येलदरी, सिद्धेश्वर व इसापूर या धरणांच्या पाण्यात खोलीचा अंदाज लागत नाही. आणि शेततळ्यात तर उतरूच नये. आपल्याला वाटते, शेततळे विहिरीपेक्षा उथळ, त्यात काय भीती? पण त्याच्या उतरत्या बाजूंवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला की त्यावर ना पाय ठरतो ना हात. चांगला पोहणारा गडीही काठाशी येऊन वर चढू शकत नाही, आणि त्याला काढण्यास उतरलेला दुसराही तेथेच अडकतो. ज्याचे शेततळे असेल त्याने काठावर पक्की मेख ठोकून गाठी मारलेला दोर पाण्यात कायमचा सोडून ठेवावा. हे काम या सुटीत मुलांना बरोबर घेऊन करावे व दोर कशासाठी आहे ते त्यांस समजावून द्यावे.

रात्र झाली म्हणजे माळवदावर किंवा अंगणात बाजा पडतात. हीच सर्वांत चांगली वेळ. चांदणे नसेल अशा रात्री, मेच्या मध्यास, साडेआठ-नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करावे. सप्तर्षी तेथे पतंगासारखे टांगलेले दिसतील. चौकोनाच्या पश्चिमेकडील दोन तारे पुलह व क्रतु. त्यांना जोडणारी रेघ क्रतूच्या बाजूने खाली क्षितिजाकडे वाढवीत नेली की ध्रुव सापडतो. हात लांब करून मूठ आडवी धरली तर ती आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून दोन मुठी वर आहे. आपला जिल्हा विषुववृत्तापासून जितके अंश दूर, तितकाच ध्रुव वर: दुपारी काठीच्या सावलीने जी गोष्ट सांगितली, तीच रात्री मुठीने मोजता येते.

सप्तर्षींच्या शेपटातील टोकाकडून दुसरा तारा वसिष्ठ. त्याला चिकटून असलेली बारीक अरुंधती कोणास दिसते, याची घरात परीक्षा घ्यावी. आजोबांना पूर्वी दिसत होती व आता दिसत नाही असे झाले, तर त्यांस डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेण्यास हे कारण पुरे आहे. शेपटाचा बाक तसाच पुढे नेला की केशरी झाकेचा स्वाती व त्यापुढे पांढरी चित्रा लागते. स्वाती रात्री अकराच्या आत-बाहेर अगदी आपल्या माळवदाच्या डोक्यावर येतो. तोपर्यंत आग्नेयेस विंचूही वर आलेला असतो व त्याच्या छातीत तांबडी ज्येष्ठा.

मुलांस हेही सांगावे की, आकाशाचा शोध घेणारे एक मोठे यंत्र आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, उभारावयाचे आहे. केंद्र सरकारने त्यास एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, व त्यांतून जाणारा प्रकाश. दूरच्या आकाशात दोन अवजड कृष्णविवरे एकमेकांवर आदळली म्हणजे अवकाशात जी अतिसूक्ष्म थरथर उठते, ती त्याने टिपावयाची. अशी थरथर प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील अशाच दोन यंत्रांनी टिपली. ज्या माळावर आपण गुरे चारली तेथे हे होणार आहे, हे ऐकून एखाद्या मुलाची झोप उडाली तर बरेच.

तारे पाहून झाले तरी झोप येत नाही. तेव्हा आजी-आजोबांस प्रश्न विचारावे. ‘गोष्ट सांगा’ असे म्हटल्यास ते लाजतात, पण नेमका प्रश्न केला तर थांबत नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कोणत्या कामावर होता? खडी फोडली की तलाव खणला? सुकडी कशी लागे? तांबडी मिलो ज्वारी पहिल्यांदा पाहिली तेव्हा भाकर थापता आली का? हिंगोली १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला, त्यापूर्वी कचेरीच्या कामास परभणीस जावयाचे तर घरून किती वाजता निघावे लागे? एका मुलाने वहीत लिहून घ्यावे. शेताच्या तुकड्यांची नावे, बुजलेल्या विहिरींच्या जागा, पणजीचे माहेर, हे सर्व त्या वहीत यावे. ही माणसे आज माळवदावर आपल्याबरोबर आहेत. पुढच्या उन्हाळ्याचे कोण सांगावे?

मे संपत आला की सर्वांनी मिळून करावयाचे शेवटचे व सर्वांत महत्त्वाचे काम येते, ते बियाण्याची परीक्षा. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही म्हणून ठिकठिकाणी ओरड झाली व अनेकांस दुबार पेरणी करावी लागली, हे वाचक विसरले नसतील. दुबार पेरणी म्हणजे बियाणे दुसऱ्यांदा, मजुरी दुसऱ्यांदा आणि सावकारही दुसऱ्यांदा. हे टाळण्याचे साधन दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देता येते. घरी राखलेल्या सोयाबीनच्या पोत्यांतून वरून, मधून व खालून मूठ-मूठ दाणे घेऊन मिसळावे. त्यांतील शंभर दाणे न निवडता मोजावे. चांगले चांगले वेचू नयेत, कारण तसे केल्यास आपण आपल्यालाच फसवितो. गोणपाट भिजवून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्या, वर दुसरे ओले गोणपाट घालून सैल गुंडाळी करावी व सावलीत ठेवावी. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडावी. हा क्षण सर्व घराने मिळून पाहावा. निरोगी कोंब किती, ते मुलाने मोजावे व बापाने पुन्हा मोजावे.

सत्तर किंवा अधिक निघाले तर बियाणे पेरण्याजोगे आहे; एकरी तीस किलो पुरते. साठच निघाले तर? येथे शाळेतील त्रैराशिक उपयोगी पडते: तीसला सत्तरने गुणून साठने भागावे, पस्तीस किलो लागेल. हे गणित मुलीने करावे व उत्तर दाराच्या फळीवर खडूने लिहावे. साठाहून कमी निघाल्यास ते पोते पेरणीस काढू नये. असा प्रयोग प्रत्येक पोत्याचा निराळा करावा, तीन-तीन वेळा केल्यास अधिक चांगले. सोयाबीनचे साल पातळ असते. पोते वरून आपटल्यानेही उगवण घटते, म्हणून ते हळू उतरवावे. आणि दुकानातून आणलेल्या रंगीत बियाण्यास विषारी औषध लावलेले असते, त्यास मुलांचा हात लागू देऊ नये.

उपदेशक बंधूंनी व शिक्षकांनी हा पाठ मेच्या दुसऱ्या आठवड्यापूर्वी गावात वाचून दाखवावा, म्हणजे सावलीचा दिवस चुकणार नाही. गोणपाटाची गुंडाळी २५ मेच्या सुमारास बांधावी. मृग ७ जूनच्या आसपास निघतो, आणि बियाणे नापास झाले तर दुसरे मिळविण्यास मध्ये आठ दिवस तरी हाती पाहिजेत.