कोड तुझ्याच नावावर ठेव

अगं, दौंडच्या दूध संकलन केंद्रासाठी तू ॲप करतेयस हे ऐकून ऊर भरून आला. दुधाचं फॅट, एसएनएफ टाकलं की दर निघतो, दहा दिवसांचं बिल लगेच दिसतं. उत्पादकांचे किती हेलपाटे वाचतील! पण ते सगळं फक्त फ्लटरफ्लोमध्येच, म्हणजे ॲप बनवायच्या त्या साइटवरच पडून आहे ना? मग आधी कोड साठवणाऱ्या गिटहबला जोड. उद्या वर्गणी थकली, खात्यात काही गडबड झाली, तरी कोड तुझ्या हातात राहील. जोडणीची सोय पैसे भरलेल्या प्लॅनमध्येच मिळते, पण तो खर्च कर बाई.

गिटहबचं खातं तुझ्याच ईमेलवर काढ. केंद्राच्या चेअरमनच्या नको, नेट कॅफेवाल्या पोराच्या तर मुळीच नको. खासगी रेपो, म्हणजे कोड ठेवायची जागा, 2019 पासून फुकट आहे. बनवताना रीडमीवर टिक कर, म्हणजे ती रिकामी राहणार नाही. फ्लटरफ्लो परवानगी मागेल तेव्हा सगळं खातं खुलं करू नकोस, तेवढी एकच रेपो निवड. मग तिचा पत्ता फ्लटरफ्लोच्या सेटिंगमध्ये टाकून पुश कर, म्हणजे कोड गिटहबवर पाठव.

आता नीट ऐक. पुश केलेला कोड 'फ्लटरफ्लो' नावाच्या ब्रँचमध्ये, म्हणजे रेपोच्या एका फांदीत जातो. तिथे हाताने एक ओळही बदलायची नाही, कारण पुढच्या पुशला ती पुसली जाते. स्वतःचे बदल वेगळ्या ब्रँचमध्ये कर. आणि गिटहबवर केलेला बदल फ्लटरफ्लोमध्ये परत येत नाही. वाट एकेरीच आहे.

पुश आपोआप होत नाही. दराच्या हिशोबाला हात लावण्याआधी एकदा आणि नंतर एकदा कर. गाईच्या दुधाचा दर चुकायला लागला तर गिटहबवर जुनी ओळ लाल, नवी हिरवी दिसते. कुठे बिघडलं ते तिथल्या तिथे सापडतं. शेतकऱ्याच्या बिलात रुपया इकडचा तिकडे झाला तर विश्वास उडतो गं, म्हणून एवढं सांगतेय.

ॲप साइन करायची की-फाइल आणि पासवर्ड मात्र रेपोत चढवू नकोस, पेनड्राइव्हवर वेगळी प्रत ठेव. उत्पादकांच्या नोंदीही रेपोत नसतात, त्या फायरबेसच्या डेटाबेसमध्ये आहेत. त्यांचा बॅकअप निराळा घ्यावा लागतो. शनिवारी चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरला ये, लॅपटॉप घेऊनच. बॅकअपचं काम दोघी बसून लावून टाकू.