पोटाला चिमटा

बार्शी, रविवार

चि. मनू हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

शेजारच्या आक्कांची नात परवा गावी आली, तेव्हा कळलं की तू अभ्यासिकेच्या जिन्यात चक्कर येऊन पडलीस. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.१. हे आम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळावं? ताईला अजून बोलले नाही. कळलं तर ती मिळेल त्या एसटीने पुणं गाठेल.

बाईचं रक्त १२ च्या खाली नको. आरोग्यसेविकेच्या नोकरीत मी लोकांच्या लेकीसुनांच्या पापण्या खाली ओढून बघत हिंडले. शाळेत आठवड्याची निळी गोळी वाटायचे, तर पोरी ती गालात धरून नंतर खिडकीबाहेर थुंकायच्या. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं. म्हणून आपल्या घरातही चालवून घ्यायचं का?

पण माझा राग रक्तावर नाही. तू संध्याकाळचा डबा बंद केलास, त्याचा आहे. पूर्वपरीक्षा थोडक्यात हुकली, सोयाबीनला भाव नाही, म्हणून भाऊजींचे पैसे वाचवायला तू रात्र चहा-बिस्किटांवर काढतेस. अगं, नापास झालेल्यानं जेवू नये, हा नियम कुठल्या आयोगानं काढला? वाचवायचेच असतील तर एखादी टेस्ट सिरीज कमी लाव.

लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे. जेवणानंतरही तासभर चहा नको. शौचाला काळं होईल, घाबरून गोळ्या थांबवू नकोस. आणि रक्त बारावर आलं तरी डॉक्टरांनी सांगितलेले महिने पुरे कर, बहुतेक जणी तिथेच सोडतात. पाळीत अंगावरून फार जात असेल तर तेही डॉक्टरबाईंना सांग, पुष्कळदा दुखणं तिथंच असतं. मोडाची मटकी, हरभरे, पालेभाजी खा, वर लिंबू पीळ. पर्वती चढायचा उत्साह एवढ्यात नको, दम लागेल. रोज संध्याकाळी सारसबागेपर्यंत चालून ये, तेही चालू घडामोडी कानात न घालता.

संध्याकाळचा डबा बंद! भांडी घासतानाही तेच डोक्यात येतं. आणि मनात काय काय बंद करून ठेवलं असशील, ते वेगळंच.

ट्रेनिंगच्या होस्टेलवर असताना मी दर आठवड्याला तुझ्या आजीला अंतर्देशीय पत्र टाकायचे. ‘मी मजेत आहे, काळजी नसावी.’ मजेत कसली! रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे, आमटीचं पाणी बघून ताटावरून उठायचे. पुढे आजी गेली, आणि तिच्या ट्रंकेत ती सगळी पत्रं निघाली, दोऱ्यानं बांधलेली. वाचता न येणाऱ्या बाईनं ती दुसऱ्यांकडून किती वेळा वाचून घेतली असतील, कोण जाणे. त्यातलं एक जरी खरं लिहिलं असतं, तर ती माझ्या वाट्याला थोडी जास्त आली असती, असं आजही वाटतं.

जाऊ दे. जास्त बोलले असेन तर मनावर घेऊ नकोस. लहानपणी ताप आला की तू माझ्याच कुशीत यायचीस, म्हणून मावशीला हक्क वाटतो, एवढंच. घरच्यांशी बोलवत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. त्यात कमीपणा नाही.

एसटीच्या पार्सलनं अळिवाचे लाडू आणि शेंगदाण्याची चटणी पाठवते आहे. तू मैत्रिणींना वाटत सुटशील, म्हणून लाडू जास्तीचे घातलेत. डब्याच्या तळाशी थोडे पैसे आहेत. मेसवाल्या काकूंना देऊन आजपासूनच दोन्ही वेळा सुरू कर. भाऊजींना यातलं काही कळायचं कारण नाही.

ताईला मात्र तुझं तूच सांग, आठवडाभर मी तोंड बंद ठेवते. आणि रात्री फोन करत जा. अभ्यासाचं एक अक्षर विचारणार नाही. रडू आलं तर रड, मी फोन धरून बसेन.

तुझी,
मावशी