गिटारच्या चाव्या : चमक नव्हे, दाते पाहा

कापडाच्या धंद्यात आम्ही गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो, वरची चमक पाहू नका, बोटांत धरून पोत पाहा. वाद्यांच्या सुट्या भागांनाही हाच नियम लागू आहे. आज खाचांच्या माथ्याच्या गिटारला लागणाऱ्या चाव्यांचा विचार करू.

काही गिटारींचा माथा भरीव असतो, काहींच्या माथ्यात दोन लांब खाचा असतात. क्लासिकल गिटार बहुधा खाचांचीच. पोलादी तारांच्या गिटारीतही, उदाहरणार्थ अमेरिकेतील मार्टिन कंपनीच्या १२ पडद्यांच्या काही नमुन्यांत, असा माथा आढळतो. प्रत्येक बाजूला एका पट्टीवर तीन चाव्या असतात आणि तार खाचेतील आडव्या रुळावर गुंडाळली जाते.

पहिली गोष्ट, तारा कोणत्या? नायलॉनच्या तारांसाठी सुमारे १० मि.मी. जाडीचा, बहुधा प्लास्टिकचा रूळ असतो. पोलादी तारांना सुमारे ६ मि.मी.चा धातूचा रूळ लागतो. सहा पोलादी तारांचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास, तर नायलॉनचा ४० किलोच्या आसपास असतो. पोलादी तार प्लास्टिकमध्ये रुतते. म्हणून एकाच्या जागी दुसरा माल घेऊ नये.

दुसरी गोष्ट, माप. शेजारच्या दोन रुळांच्या मध्यांतील अंतर हल्ली बहुधा ३५ मि.मी. असते, जुन्या वाद्यांत वेगळे असू शकते. मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. माप चुकले की भोके वाढवावी लागतात. चाव्या बदलून मिळतील, कोरलेले लाकूड परत येणार नाही.

तिसरी गोष्ट, दाते. १६:१ म्हणजे बोंड सोळा वेळा फिरवल्यावर रूळ एकदा फिरतो. १८:१ मध्ये सूर अधिक बारकाईने लावता येतो. परंतु आकडा म्हणजे दर्जा नव्हे. बोंड पुढे-मागे फिरवून पाहा. दिशा बदलताना ते रिकामे फिरत असेल, तर दाते सैल आहेत. पट्टी ताठ हवी, चाकाचे दाते स्वच्छ कापलेले हवेत. वेव्हर्ली, गोटो, शालर यांच्या मालाची किंमत अशाच कामाची असते.

बसवतानाही लक्ष ठेवावे. तार रुळाला नटकडे, म्हणजे मानेवरच्या खाचांच्या पट्टीकडे, ओढते. मळसूत्र त्याच बाजूला असले की चाक त्यावर दाबून बसते. पट्टी उलटी लावल्यास ते मळसूत्रापासून दूर ओढले जाते.

आणि पैसे मोजण्यापूर्वी नट तपासा. सूर लावताना ‘टक्’ असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल, तर बहुधा तार नटच्या खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचे शिसे घासून पाहा. तेवढ्याने काम भागले, तर नव्या चाव्यांचा खर्च वाचला.